रोजच्या वापरासाठी मोबिलिटी स्कूटर घ्यायचीये? आधी टेप घेऊन खाली उतरा

नेटवर "मोबिलिटी स्कूटर" टाकलं की निम्मे रिझल्ट इलेक्ट्रिक दुचाक्यांचे येतात आणि उरलेल्यांत मागे दोन जादा चाकं लावलेल्या गाड्या, त्यामुळे आधी हा घोळ मिटवू. आपण बोलतोय ती गाडी म्हणजे पाठ टेकायला खुर्ची, पायाखाली सपाट फळी, समोर हँडल, तीन किंवा चार बुटकी चाकं, २४ व्होल्टची बॅटरी आणि स्पीड साधारण भरभर चालणाऱ्या माणसाएवढा. साइडव्हील लावलेली ॲक्टिवा वेगळी, ती रस्त्यावरची गाडी आहे, तिला आरटीओ, लायसन्स, इन्शुरन्स सगळं लागतं. ही गाडी आहे घरात कसंबसं चालणाऱ्या पण मंडईपर्यंत, बागेपर्यंत, बँकेपर्यंत न पोचणाऱ्या माणसासाठी, म्हणजे गुडघे गेलेत, दम लागतो, कंबर साथ देत नाही असं काहीतरी.

माझ्या आईसाठी शोधाशोध करताना जे कळलं आणि नंतर सोसायटीतल्या, नात्यातल्या लोकांसोबत गाड्या बघायला गेले तेव्हा जे दिसलं ते लिहितेय. बहुतेक लोक कॅटलॉगपासून सुरुवात करतात, किती किलोमीटर जाते, रंग कोणते, फोल्ड होते का. उलटं करा. तुमचं माणूस, तुमची लिफ्ट आणि तुमच्या घरापासून भाजीवाल्यापर्यंतचा रस्ता या तीन गोष्टींनी निम्म्याहून जास्त मॉडेलं आपोआप बाद होतात, मग उरलेल्यांत निवडणं सोपं जातं.

पायरी १ : माणूस बघा

स्कूटर चालवायला पाठ ताठ ठेवून बसता यायला हवं, दोन्ही हात पुढे करून हँडल धरता यायला हवं, आणि खुर्चीवर स्वतः चढता-उतरता यायला हवं, निदान दोन-चार पावलं टाकता यायला हवीत. लकव्याने एक बाजू गेलीये, मान-धड सावरत नाही, किंवा हात फार थरथरतात, तर स्कूटरचा हट्ट सोडा आणि जॉयस्टिकवाली पॉवर व्हीलचेअर बघा, तिला एक हात पुरतो. तरुण माणूस असेल, व्हीलचेअर आधीच वापरत असेल आणि रोज लांब जायचं असेल तर आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशन कंपनीचं निओबोल्ट बघा, ते त्यांच्याच व्हीलचेअरला पुढून जोडायचं मोटरवालं चाक आहे, ताशी २५ किमीपर्यंत जातं. पण सत्तरीच्या काकूंसाठी ते नाही.

नजर हा मुद्दा लोक विसरतातच. मोतीबिंदू पिकलेला असेल तर आधी ऑपरेशन, मग स्कूटर. ऐकू कमी येत असेल तर मशीन लावून चालवायची सवय करावी लागेल कारण मागून रिक्षा येते ती हॉर्न देऊन मोकळी होते. चक्कर येते का, झोपेची गोळी सकाळपर्यंत अंगात राहते का, हे पण डॉक्टरला विचारून घ्या. जमलं तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामं स्वतः कशी जमतील ते बघणारे तज्ज्ञ) एकदा बघून घ्या, मोठ्या हॉस्पिटलांत असतात आणि मुंबईत हाजीअलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, १९५५ पासूनची सरकारी संस्था, त्यांचं कामच हे.

आणि ज्याच्यासाठी घेताय त्याला विचारा हो. दुकानात सेल्समन कायम मुलाकडे किंवा मुलीकडे बघून बोलतो. एकाने मला विचारलं, "मॅडम, पेशंटचं वजन किती?" आई शेजारीच बसलेली. म्हणाली, "पेशंट इथे बसलीये, तिला विचारा की." वजन मात्र खरंच सांगावं लागतं, कारण छोट्या गाड्या साधारण ११५ ते १३५ किलोच्या लोडला बनवलेल्या असतात आणि त्यात पिशव्या पण धरायच्या.

पायरी २ : टेप घेऊन खाली उतरा

घराच्या दारापासून सुरू करा. मेन डोअर बहुतेक तीन फुटी असतं पण दार उघडल्यावर पल्ल्याची जाडी आत येते, म्हणून मोकळी जागा मोजा, चौकट नाही. छोट्या स्कूटरची रुंदी ५० ते ६० सेंमी, तिथे अडत नाही. अडतं लिफ्टमध्ये.

आपल्याकडच्या लिफ्टची मापं साधारण ठरलेली आहेत. चार माणसांची लिफ्ट आत ११० सेंमी रुंद आणि फक्त ७० खोल असते. सहा माणसांची ११० बाय १००. आठ माणसांची १३० बाय ११०. आता छोट्यातली छोटी स्कूटर लांबीला ९५ ते १०८ सेंमीच्या आसपास असते, म्हणजे चार माणसांच्या लिफ्टचा विषयच संपला, सहाच्या लिफ्टमध्ये एखादंच मॉडेल जेमतेम बसेल आणि तेही पाय पुढे आल्यावर दार लागतं का बघावं लागेल, आठच्या लिफ्टमध्ये सरळ घुसायचं आणि रिव्हर्समध्ये बाहेर यायचं. आत वळता येणार नाही हे गृहीत धरा. जुन्या इमारतीत जाळीचं सरकतं दार असतं, त्याचा खालचा पट्टा पण बघा, तिथे पुढचं चाक आडवं झालं की अडकतं. लिफ्टमध्ये बसतच नसेल तर रडायचं कारण नाही, गाडी खाली पार्किंगमध्ये ठेवायची आणि माणूस वॉकर घेऊन लिफ्टने खाली येणार, बरेच लोक तसंच करतात, फक्त मग चार्जिंगचा प्रश्न येतो, त्यावर पुढे बोलू.

मग इमारतीची पायरी. सरकारी नियमांत रॅम्पचा उतार १ ला १२ सांगितलाय, म्हणजे १५ सेंमीची पायरी असेल तर रॅम्प १८० सेंमी लांब हवा. आपल्या सोसायट्यांमध्ये जो "रॅम्प" असतो तो बाइक चढवायला गवंड्याने अंदाजपंचे घातलेला सिमेंटचा ढीग असतो, पाऊण फूट चढ दोन-तीन फुटांत. त्यावर छोटी स्कूटर एकतर पोटाला घासते नाहीतर अधे-मधे लटकते. मोबाइलवर लेव्हलचं फुकट ॲप असतं, फोन रॅम्पवर ठेवला की उतार अंशांमध्ये दिसतो. कंपनीच्या माहितीतही चढाची मर्यादा अंशांमध्येच लिहिलेली असते, छोट्या गाड्यांची ६ ते ८ अंशांच्या आसपास, तेव्हा तुमचे आकडे आणि त्यांचे आकडे शेजारी ठेवा. १ ला १२ म्हणजे पाच अंशांच्या थोडं आत. बेसमेंट पार्किंगचा उतार सात अंशांच्या वर सहज असतो, तिथून रोज चढ-उतार असेल तर मोठ्या मोटरची गाडी लागेल किंवा गाडी वर ठेवायची सोय बघावी लागेल.

आता गेटच्या बाहेर. हा भाग घरच्या माणसाने चालत जाऊन करायचा, आणि हातात टेप हवीच. काय मोजायचं : स्पीडब्रेकरची उंची, फूटपाथचा कठडा, चेंबरची झाकणं रस्त्यापेक्षा किती वर-खाली आहेत, आणि गटाराच्या जाळीच्या पट्ट्या कुठल्या दिशेने आहेत. हसू नका. पट्ट्या जर तुमच्या जाण्याच्या दिशेने असतील आणि मधली फट दोन बोटांपेक्षा जास्त असेल तर तीनचाकीचं अरुंद पुढचं चाक बरोब्बर त्यात जातं आणि गाडी जागच्या जागी थांबते, माणूस पुढे.

गाडीच्या पोटाखालची जागा म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, डिकीत घालायच्या छोट्या मॉडेलांना ती ४ ते ६ सेंमीच असते. त्या गाड्या परदेशातल्या मॉलसाठी, गुळगुळीत फूटपाथसाठी बनल्यात. आपल्या गल्लीतला कुणीतरी रातोरात घातलेला स्पीडब्रेकर त्यांना झेपत नाही. माझं मत विचाराल तर रोज रस्त्यावर न्यायची असेल तर ८ सेंमीच्या खाली जाऊ नका, मग गाडी थोडी जड झाली तरी चालेल. पुण्यात जंगली महाराज रोडसारखा रुंद, नीट केलेला फूटपाथ मिळाला तर कुठलीही गाडी मजेत जाते पण तिथपर्यंत पोचायचा रस्ता तुमच्याच गल्लीतून जातो ना. फूटपाथवर बाइक चढू नयेत म्हणून खांब रोवलेले असतात त्यांच्यामधलं अंतर पण मोजून ठेवा.

हे सगळं एका कागदावर लिहा. सगळ्यात अरुंद जागा, सगळ्यात उंच अडथळा, सगळ्यात जास्त उतार, आणि जाऊन-येऊन एकूण किती किलोमीटर. दुकानात जायचं ते हा कागद घेऊन.

पायरी ३ : तीन चाकं की चार

तीनचाकी छोट्या जागेत वळते, पाय ठेवायला जागा जास्त, लिफ्टवाल्यांना सोयीची. पण वळणावर स्पीड असेल तर कलंडायची भीती, आणि आपले रस्ते कडेला गटाराकडे उतरते असतात तिथे तिला सतत एका बाजूला ओढ लागते. चारचाकी स्थिर, पण वळायला जागा खाते, एका दमात यू टर्न मारायला बरीच रुंद जागा लागते. घर-लिफ्ट-मॉल असा वापर असेल तर तीन, बाहेर रस्त्यावर असेल तर चार. तीन चाकंच घ्यायची असतील तर पुढे एकाऐवजी जोडचाक आहे का बघा आणि त्याची फट मघाशी सांगितलेल्या जाळीशी ताडून बघा. मागे छोटी अँटी-टिप चाकं असतात, ती काढून टाकू नका, चढावर गाडी मागे उलटू नये म्हणून ती आहेत, मेकॅनिक कधीकधी "घासतायत" म्हणून काढतो.

टायर भरीव की हवेचे हा वाद कायमचा. भरीव टायरला पंक्चर नाही, पण पेव्हर ब्लॉकवरून जाताना कंबरेतून कळ निघते. हवेचे आरामशीर, पण त्या मापाची ट्यूब कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नसते, म्हणून घेतानाच दोन ट्यूब जास्तीच्या मागून घ्या. मणक्याचा त्रास असेल तर हवेचेच घ्या किंवा सीटखाली सस्पेन्शन असलेली गाडी बघा.

पायरी ४ : बॅटरीच्या आकड्यांना भुलू नका

कंपनी म्हणते २० किमी जाते. जाते, पण सपाट रस्ता, हलका माणूस आणि नवी बॅटरी असताना. मी सरळ निम्मं धरते. पण आपल्याला लागतं किती? मंडई, देऊळ, बाग, मेडिकल सगळं मिळून रोजचे तीन-चार किमी झाले तर खूप झाले. त्यामुळे जास्त रेंजसाठी पन्नास हजार जादा मोजण्यात अर्थ नाही, तेच पैसे ग्राउंड क्लिअरन्स आणि चांगल्या सीटवर लावा.

लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त, जड, आणि अर्धवट उतरलेली ठेवली की मरते. रोज वापर झाला की रोज रात्री चार्जला लावायची, आणि चार महिने मुलाकडे अमेरिकेला जाणार असाल तर शेजाऱ्याला महिन्यातून एकदा तरी लावायला सांगून जायचं. लिथियम हलकी, टिकते जास्त, महाग. बॅटरी हँडल धरून सहज बाहेर निघते का हे दोन्हीत बघा, लिफ्टमध्ये गाडी बसत नसेल तर बॅटरीच वर नेऊन घरात चार्ज करता येते. लिथियमची हलकी पेटी एका हातात येते, लेड-ॲसिडची जोडी मात्र कुणीतरी धडधाकट माणसाने उचलायची.

विमानप्रवास करणार असाल तर लिथियमचा वॅट-अवर आकडा (बॅटरीत किती वीज मावते तो) बघूनच घ्या. काढता येणारी एक बॅटरी असेल तर ३०० वॅट-अवरपर्यंत चालते, दोन असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केलं की हा आकडा येतो, २४ व्होल्ट १० अँपिअर-अवर म्हणजे २४०, बसलं. एअरलाइनला आधी कळवावं लागतंच.

पायरी ५ : बसून बघा, हात लावून बघा

बहुतेक गाड्यांत हँडलखाली एक आडवी पट्टी असते, एका बाजूने अंगठ्याने दाबली की पुढे, दुसऱ्या बाजूने दाबली की मागे. सोडली की गाडी थांबते, ब्रेक आपोआप लागतो. संधिवाताने अंगठे वाकडे झालेल्या माणसाला ही पट्टी पंधरा मिनिटं दाबून धरणं जड जातं, त्यांना पूर्ण गोल हँडल आणि चार बोटांनी ओढायचा लिव्हर असलेलं मॉडेल बरं. दुकानात एक मिनिट बसवून चालणार नाही, वीस मिनिटं चालवायला द्या मग बोटं दुखतात का ते कळतं.

सीट बाजूला वळते का, वळल्यावर लॉक होते का, हाताचे दांडे वर जातात का हे बघा, उतरताना याच गोष्टींचा उपयोग असतो. नऊवारी-सहावारी नेसणाऱ्यांनी साडी नेसूनच ट्रायल घ्यायची, कारण पदर आणि निऱ्या मागच्या चाकाकडे जातात का ते तेव्हाच दिसतं. आणि हँडलला पर्स किंवा भाजीची पिशवी अडकवायची नाही म्हणजे नाही. पिशवीचा बंद त्या पट्टीवर दाबला गेला की गाडी चालू लागते. पुढे टोपली मिळते, ती लावून घ्या. उतरायच्या आधी किल्ली बंद, ही सवय पहिल्या दिवसापासून.

मागे एक लिव्हर असतो, तो टाकला की मोटर सुटते आणि गाडी हाताने ढकलता येते. तो टाकलेला असताना ब्रेक लागत नाही. उतारावर त्याला हात लावायचा नाही हे घरातल्या नातवंडांना आणि वॉचमनला दोघांनाही सांगून ठेवा.

पायरी ६ : सोसायटी, वीज आणि पाऊस

पार्किंगमध्ये पॉइंट मागितला की मीटिंगमध्ये कुणीतरी उठतोच, "कॉमन मीटरवर का म्हणून?" हिशोब तोंडपाठ ठेवा. २४ व्होल्ट १२ अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण रिकामी असली तरी तिच्यात मावते २८८ वॅट-अवर, चार्जरमध्ये वाया जाते ती वीज धरली तरी एका चार्जला अर्धा युनिट होत नाही. सबमीटर लावून देते म्हणा, विषय संपतो. पॉइंट उंचावर, झाकणवाला आणि अर्थिंग असलेला हवा, लोंबकळती एक्स्टेंशन वायर नको.

पावसाचं मात्र गंभीरपणे घ्या. बहुतेक छोट्या गाड्या तुषार सहन करतात, साचलेलं पाणी नाही, आणि मोटर-वायरिंग चाकांच्या उंचीवरच असतं. जून ते सप्टेंबर कोकणात किंवा मुंबईत रोज बाहेर काढायचा विचार असेल तर हँडलच्या पॅनलवर प्लॅस्टिकचं कव्हर, गाडीवर ताडपत्री, आणि घोटाभर पाणी असेल तर त्या दिवशी भाजी घरी मागवा. पाइप लावून धुवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

पायरी ७ : पैसे आणि नंतरची सर्व्हिस

नव्या गाड्या साधारण पाऊण लाखापासून सुरू होतात आणि दीड-दोन लाखांपर्यंत जातात. सरकारी मदतीबद्दल लोक विचारतात. केंद्राच्या ॲडिप योजनेत अलिम्को या सरकारी कंपनीतर्फे पात्र दिव्यांगांना बॅटरीवरची तीनचाकी मिळते, पण त्यासाठी अपंगत्व बरंच जास्त असावं लागतं आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) हवं, नुसते गुडघे दुखतात म्हणून मिळत नाही. राज्याची २०२४ ची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या लोकांना ३००० रुपये देते, त्यात वॉकर-काठी येते, स्कूटर नाही.

विकणाऱ्याला विचारायचे प्रश्न : तुमच्या शहरात मेकॅनिक आहे का, तो घरी येतो का, कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) आणि चार्जर स्टॉकमध्ये असतात का, बॅटरीची वॉरंटी वेगळी किती. मोटर क्वचित जाते, कंट्रोलर आणि चार्जर जातात. "सगळं मिळतं मॅडम" हे उत्तर नाही, किंमत विचारा, किंमत सांगता आली तर पार्ट खरंच मिळत असतो. सांगली-लातूरकडे राहत असाल तर पुण्या-मुंबईतून कुरिअरने पार्ट यायला किती दिवस लागतात ते लिहून घ्या.

परदेशातून मुलगा पाठवणार असेल तर चार्जरवरचा इनपुट वाचायला सांगा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिन बदलायची, नुसतं ११० किंवा १२० असेल तर इथे पहिल्याच दिवशी जळणार. आणि त्या ब्रँडचे पार्ट इथे कोण देणार हाही प्रश्न आहेच.

जुनी गाडी वाईट नाही. बरेचदा आजी-आजोबा गेल्यावर घरचे विकतात आणि गाडी फारशी वापरलेलीच नसते. पण वर्षभर पडून राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी संपलेली धरा आणि नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करा. बघायला जाताना त्यांना गाडी फुल चार्ज ठेवायला सांगा, दहा मिनिटं चढावर चालवा आणि काटा किती खाली येतो ते बघा. चढावर पट्टी सोडा, गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे, इंचभर मागे सरकून थांबली तर ठीक, सरकतच राहिली तर नमस्कार करून निघा.

घेतल्यावर

पहिले काही दिवस सोसायटीच्या आतच, सकाळी मुलं खेळायला यायच्या आधी. स्पीडचं बटण सगळ्यात कमीवर. ब्रिटनमध्ये फूटपाथवर अशा गाड्यांना ताशी ६.४ किमीचीच मर्यादा आहे, तेव्हा कमी वाटून घेऊ नका. रिव्हर्सची प्रॅक्टिस सगळ्यात जास्त करा, लिफ्टमधून उलटं यायचंय. रॅम्पवर तिरकं चढायचं नाही, सरळ समोरून. मग एकाला सोबत घेऊन मंडईपर्यंत, मग एकटं.

लोक बघतात. पहिल्यांदा भाजीवाला पण बघतो, मुलं "आजी एक राउंड" म्हणून मागे लागतात. आईला सुरुवातीला याचाच संकोच होता, गुडघ्यांपेक्षा जास्त. तिला कुणी समजावलं नाही, ती एक दिवस कोथिंबीर संपली म्हणून न सांगता निघून गेली. मागे सीटला एक लाल रिफ्लेक्टर आणि उंच काठीवर छोटा झेंडा लावून घ्या, बसलेला माणूस एसयूव्हीवाल्याला दिसतच नाही. सीटमागच्या खिशात नाव, घरचा नंबर, रक्तगट आणि चालू औषधांची चिठ्ठी ठेवा, आणि दुसरी किल्ली वॉचमनकडे नको, घरातच.